थांबलेल्या इंजिनाचा पंचनामा

ज्या गावची काळी जमीन पावसाळा सरल्यावर केवळ पोटातल्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकवते, ज्याच्या दक्षिणेकडच्या खेड्यांचा पाणीप्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सरकारी दफ्तरात मुक्काम करून आहे, आणि ज्याचे नाव उभ्या महाराष्ट्राला दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी मोकळी करणाऱ्या दामाजीपंतांमुळे ठाऊक झाले, त्या मंगळवेढ्यात बसून होडीच्या इंजिनावर प्रकरण लिहिणे हा काहींना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. परंतु याच तालुक्याच्या कडेने भीमा वाहते. माचणूरच्या सिद्धेश्वराच्या घाटाखाली आणि शेजारच्या ब्रह्मपुरीला, जिथे १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी पडली होती, तिचे पात्र चांगलेच रुंद आहे. आणि १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यापासून त्या पात्रात पाणी केव्हा आणि किती यावे, हे आभाळाइतकेच धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून राहू लागले आहे. वरच्या अंगाला, ज्याला आता यशवंतसागर म्हणतात त्या जलाशयावर, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान माणसे होडीने ये-जा करीत आली. रस्त्याने जायचे तर वळसा फार मोठा पडतो. त्याच पाण्यावर २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. तो अपघात वाऱ्याचा होता, इंजिनाचा नव्हे. तथापि वाऱ्यात होडी सुरक्षित राहते ती तिचे तोंड लाटांकडे ठेवता येते तोवर, आणि इंजिन बंद पडले की सुकाणू निष्प्रभ होऊन ती आडवी फिरते व आपली बगल लाटांच्या स्वाधीन करते. म्हणून पाण्यावर इंजिन का थांबले, हा प्रश्न शेतातल्या त्याच प्रश्नाहून अधिक गंभीर आहे.

आणि गंमत अशी की हे दोन प्रश्न एकाच घराण्यातले आहेत. विजेची मोटर येण्यापूर्वी विहिरीच्या थारोळ्याशी जे इंजिन फटफटत असे, त्याचेच भाऊबंद कोकणच्या किनाऱ्यावर होड्यांत बसले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि साताऱ्याला तर त्याहून आधी, १९२२ पासून, धनजीशहा कूपर यांचा कारखाना चालू होता. या कूपरसाहेबांविषयी एक गोष्ट सहसा कुणाला आठवत नाही: १९३७ च्या उन्हाळ्यात काही महिने ते मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. इलाख्याचा कारभार आणि इंजिनाचा कारखाना या दोन्ही जागी बसलेला माणूस आपल्या प्रांतात दुसरा झाला असेल असे वाटत नाही. ते असो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सातपाटी, वेसावे, हर्णै, रत्नागिरी येथील शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली तेव्हा तांडेलाच्या हाती जे यंत्र आले, त्याचे अंतरंग सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला अपरिचित नव्हते. भीमेच्या पात्रात वाळू उपसणाऱ्या ज्या यांत्रिक बोटी महसूल खात्याची पथके वेळोवेळी पकडून त्यांचा पंचनामा करतात आणि कित्येकदा जिलेटिनने उडवूनही देतात, त्यांच्या तळाशीही डिझेल इंजिनच असते. पंचनामा हा शब्द इथे ओघात आला. पण पुढच्या विवेचनाला तो फार उपयोगी पडणार आहे.

डिझेल इंजिनाचे तत्त्व इतके साधे आहे की त्याच्या मृत्यूची कारणे शोधणे वस्तुतः सोपे असावयास हवे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ मध्ये पेटंट मिळवले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जी अधिकृत परीक्षा झाली, तीत जळणातील उष्णतेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागाचे काम झाल्याचे आढळले. त्या काळची वाफेची इंजिने साधारणतः दहाव्या हिश्श्याच्या आसपास घुटमळत होती. त्याची युक्ती एवढीच की सिलिंडरात केवळ हवा घ्यायची, ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या भागापर्यंत दाबायची, आणि दाबामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापली की त्या क्षणी तीत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडायचा; फवारा आपोआप पेटतो. ठिणगी नाही, प्लग नाही, मॅग्नेटो नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ओलाव्याने जी विजेची दुखणी जडतात, त्यातली बहुतेक याला ठाऊकच नाहीत, आणि खारट हवेत वावरणाऱ्या नाखव्यांनी ते आपलेसे केले त्याचे हेही एक कारण. (इंजिनाचा हा जनक १९१३ च्या २९ सप्टेंबरच्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेसडेन’ नावाच्या आगबोटीवरून नाहीसा झाला, आणि तो अपघात की आत्महत्या की आणखी काही, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. जहाजावरचे इंजिन का थांबले याचा छडा मात्र, सुदैवाने, बहुतेक वेळा लागतो.)

तेव्हा चालू इंजिनाला तीनच गोष्टी हव्या: हवा, ती दाबण्याची ताकद, आणि वेळेवर मोजून मिळणारे डिझेल. यापैकी दाबण्याची ताकद म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर आणि व्हॉल्व्ह यांची तब्येत. ती महिन्यामहिन्याने खालावते, एका मिनिटात जात नाही. सकाळी एका हँडलात सुरू झालेले आणि दोन तास बिनतक्रार चाललेले इंजिन अकस्मात थांबले, तर रिंगा झिजल्याचा संशय धरणारा कारागीर एक तर नवखा असतो किंवा त्याला मोठ्या बिलाची घाई झालेली असते. राहिली हवा आणि डिझेल. आणि त्यांच्या जोडीला इंजिनाबाहेरची एक गोष्ट, म्हणजे त्याच्यावर पडणारा भार. चालता चालता बंद पडलेल्या इंजिनाच्या दहा फिर्यादींपैकी बहुतेकांचा आरोपी डिझेलच्या वाटेवर दबा धरून बसलेला सापडतो, असे कोणताही जुना फिटर सांगेल. हे यंत्र सहसा मरत नाही; ते उपाशी पडते.

फौजदारी तपासात प्रेताची जागा बदलण्यापूर्वी पंचनामा करतात, तसाच तो इथेही पाना हाती घेण्यापूर्वी व्हावा. अर्थात त्याही आधी होडी सुरक्षित हवी: नांगर टाकावा, वल्हे किंवा काठी हाताशी घ्यावी, उतारूंना एका बाजूला गर्दी करू देऊ नये. मग ज्याच्या हाती सुकाणू होते त्याची जबानी घ्यावी, आणि ती ताबडतोब घ्यावी, कारण अर्ध्या तासाने माणसाला जे घडले त्यापेक्षा जे त्याला सुचवले गेले तेच आठवू लागते. इंजिन थांबले ते कसे? गती हळूहळू उतरत गेली, की आवाज एकदम तुटला? थांबण्यापूर्वी ते कमीजास्त होत होते काय? हिसका बसला काय? धूर कोणत्या रंगाचा होता? आणि त्या क्षणी होडी काय करीत होती: संथ पाण्यात होती, की लाटांवर डुलत होती, की नुकताच वेग वाढवला होता? या प्रश्नांना खर्च काहीच नाही, आणि तरीही थेट नॉझल खोलण्यापासून तपासाला प्रारंभ करणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सर्वांत अधिक आढळणारी कैफियत अशी असते: गती क्षणभर पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली, असे चार-सहा वेळा झाले आणि इंजिन विझले. ही हवेची सही आहे. मात्र ही हवा सिलिंडरात जाणारी नव्हे, डिझेलच्या नळीत घुसलेली. ‘इंजिनाने हवा धरली’ असे आपण म्हणतो ती. तिचा परिणाम इतका घातक का होतो, हे एका हिशेबावरून कळेल. पाच अश्वशक्तीचे एक सिलिंडरी इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल जाळते. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांनी ते फिरत असेल तर फवारा दर दोन फेऱ्यांनी एकदा, म्हणजे तासात पंचेचाळीस हजार वेळा उडतो. सव्वा लिटराचे पंचेचाळीस हजार वाटे केले म्हणजे प्रत्येक फवाऱ्याच्या वाट्याला एका थेंबाइतकेही डिझेल येत नाही, आणि तो अंश डिझेल पंपाला दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब देऊन नॉझलमधून ढकलावा लागतो. द्रव पदार्थ दाबाखाली आकसत नाही म्हणून हे साधते. हवा मात्र आकसते. पंपाच्या पोटात एवढासा बुडबुडा शिरला की प्लंजर वर येतो तेव्हा तो बुडबुडाच दबतो आणि खाली जातो तेव्हा तोच फुगतो, नॉझलची सुई जागची हलत नाही, आणि टाकी काठोकाठ भरलेली असूनही इंजिनाला अन्न मिळत नाही.

ही हवा येते कुठून, याचे उत्तर विहिरीवर एक आहे आणि होडीत दुसरे; आणि विहिरीवर हात बसलेला कारागीर होडीत फसतो तो इथेच. शेतातल्या इंजिनाची टाकी इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली असते, डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते, आणि नळीच्या सांध्यात कुठे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकते. धूळ चिकटून तिथे काळा, ओला डाग उमटतो, आणि गुन्ह्याची जागा लांबूनही दिसते. होडीत टाकी पुष्कळदा तळाजवळ, इंजिनाच्या बरोबरीने किंवा त्याहून खाली असते, आणि लिफ्ट पंप त्या टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी. म्हणून तिच्या सांध्यात फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा बोटाने पुसून पाहावा तर कोरडा ठणठणीत. आणि जो कोरडा तो निर्दोष, ही शेतातली समजूत पाण्यावर उलटते. केसाएवढी तडकलेली रबरी नळी, सैल पडलेला क्लिप, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, फिल्टरच्या वाटीखाली नीट न बसलेली रबरी रिंग, एवढ्या क्षुल्लक वस्तू नांगर टाकायला लावतात. यावर उत्तम तोड म्हणजे ओढणाऱ्या नळीचा एखादा हातभर तुकडा पारदर्शक बसवून इंजिन चालू असता त्यात बुडबुडे धावतात का ते पाहणे. आणि फट कोठे आहे हे हुडकायचे तर टाकीपासून एकेक सांधा क्रमाने पाहावा, इंजिनाकडून मागे येऊ नये, कारण बुडबुडा पुढे वाहतो आणि जिथे दिसतो तिथे तो जन्मलेला असतोच असे नाही.

हवा काढण्याची कृती बहुतेकांना ठाऊक असते, पण ती घाईत उलटसुलट केली जाते. प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेसाळ डिझेल येणे थांबून अखंड धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. मग हेच डिझेल पंपावर. आणि सरतेशेवटी नॉझलकडील जाड नळीचे नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवावे, डिझेल उसळू लागले की नट घट्ट करावे. शेवटच्या पायरीला बोट, तळवा किंवा तोंड नॉझलच्या अथवा त्या नळीच्या समोर नेऊ नये. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून मांसात शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पहिल्या तासात फारशी दुखतही नाही, आणि म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. त्यात बोट किंवा हात गमावल्याची उदाहरणे वैद्यकाच्या दप्तरी पुष्कळ आहेत.

दुसरी एक जबानी ऐकण्यात येते, ती अशी की इंजिन सावकाश चालवले तर दिवसभर चालते, परंतु जोर दिला की चार मिनिटांत दम टाकते, आणि बंद पडल्यावर थोडा वेळ थांबून हँडल मारले तर काहीच झाले नाही अशा थाटात सुरू होते. इथे हवा नव्हे, अडथळा आहे. जाळी किंवा फिल्टर इतका गच्च झाला आहे की त्यातून मंद गतीपुरते डिझेल झिरपते, पूर्ण गतीपुरते नाही; विसाव्याच्या काळात पंपाचे पोट पुन्हा भरते म्हणून ते सुरू होते. फिल्टर बदलला की तक्रार मिटते आणि लोक तेथेच थांबतात. परंतु नवा फिल्टर आठवड्यात पुन्हा भरला, तर गुन्हेगार फिल्टर नव्हे, टाकी आहे. टाकीच्या तळाशी पाणी साठते: काही पंपावरच्या पिपातून येते, काही झाकणातून पावसाचे शिरते, आणि बरेचसे रात्रीच्या गारव्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेची ओल भिंतींवर जमून खाली उतरते. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते तळाशी बसते. आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काही सूक्ष्म जीव व बुरश्या राहतात, डिझेलवरच पोसतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. एकीला तर शास्त्रज्ञांनी रॉकेलची बुरशी असेच नाव पाडले आहे. घाटावर धूळ, बंदरात बुरशी. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, सकाळी नव्हे, असा जुन्या तांडेलांचा दंडक असतो, तो या ओलीमुळे.

टाकीतला हा गाळ संथ पाण्यात महिनोन्‌महिने स्वस्थ पडून असतो, आणि होडी खाडीच्या मुखाशी उथळावरच्या लाटांत शिरली, किंवा जलाशयावर वावटळ सुटली, की तो ढवळून वर येतो आणि नळीच्या तोंडाशी जमा होतो. टाकीत डिझेल थोडे असेल तर डुलण्याने नळीचे तोंडच क्षणभर उघडे पडून हवा ओढते. म्हणून इंजिन ‘नेमके नको त्या वेळी’ बंद पडते, अशी जी सार्वत्रिक तक्रार आहे, तिच्यात दैवाचा भाग मुळीच नाही. ज्या लाटा इंजिनाची गरज निर्माण करतात, त्याच लाटा त्याचे अन्न दूषित करतात. आणि धक्क्याला बांधलेल्या होडीत तासभर चालवून ‘इंजिन ठणठणीत आहे’ असा दाखला देणारा कारागीर खोटे बोलत नसतो, त्याने गाळाला साक्षीला बोलावलेले नसते, इतकेच.

टाकीसंबंधी आणखी एक गमतीदार प्रकार आहे. टाकीतून डिझेल जसजसे कमी होते तसतशी तिच्यात हवा यावी लागते, आणि त्यासाठी एक बारीक श्वासनळी ठेवलेली असते. ती मिठाने, रंगाच्या हाताने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजली, तर टाकीत निर्वात वाढत जातो आणि अर्ध्या-पाऊण तासाने पंपाची ओढ आणि टाकीची ओढ यांची बरोबरी होऊन इंजिन थांबते. फिटर येतो, टाकीत डिझेल आहे का पाहायला झाकण उघडतो, हवा आत शिरते, झाकण लागते, इंजिन सुरू होते. फिटरचा लौकिक वाढतो आणि रोग जिथल्या तिथे राहतो. झाकण उघडताना ‘फस्‌’ असा आवाज होतो का, एवढे ज्याने कान देऊन ऐकले त्याचा तपास तिथेच संपतो.

आरोपी टाकीकडे आहे की इंजिनाकडे, याचा निवाडा करणारी एक कसोटी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यावा, त्यात गाळलेले डिझेल भरावे, होडीची टाकी, तिची नळी आणि पहिला फिल्टर यांना पूर्ण बाजूला सारून कॅनातली नवी नळी सरळ लिफ्ट पंपाला जोडावी, हवा काढावी आणि इंजिनाला भार द्यावा. ते चालत राहिले तर दोष मागे, पूर्वीसारखेच विझले तर पुढे. एका प्रयोगाने अर्धा मुलूख तपासातून वगळला जातो, आणि यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तरीही ते होडीत बाळगणारा माणूस क्वचित भेटतो.

आता हिसका देऊन थांबलेल्या इंजिनाकडे वळू. आवाज एकदम तुटला, होडी थरथरली, धूर क्षणभर काळा झाला: याचा अर्थ इंजिनाला खायला मिळत होते, पण कुणीतरी त्याचा पाय धरला. समुद्रावर तो बहुधा जाळ्याचा किंवा नायलॉनच्या दोराचा तुकडा असतो. भीमेवर आणि उजनीच्या फुगवट्यात त्याच्या जोडीला जलपर्णी येते, जिचे लांब मुळांचे गुंते पंख्याभोवती आवळले जातात. नायलॉन तर घर्षणाने वितळून शाफ्टवर असा घट्ट बसतो की पुढे तो कोयत्याने तासून काढावा लागतो. निदान सोपे: गिअर मोकळा करावा; मोकळ्यावर इंजिन सुरू होऊन छान चालते आणि गिअर टाकताच गचकते, तर इंजिनाचा काही अपराध नाही, पाण्यात उतरून पंखा पाहावा. उतरण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी स्वतःच्या खिशात घालावी. पंख्याजवळ माणूस असता वर दुसऱ्याने उत्साहाने स्टार्टर दाबल्याच्या कथा किनाऱ्यावर कमी नाहीत.

परंतु इंजिन कण्हत, ठोके देत, गती उतरवत थांबले, आणि नंतर हँडलाने फ्लायव्हील फिरेना, तर प्रकरण उष्णतेचे किंवा तेलाचे आहे. होडीचे इंजिन थंड राहते ते बाहेरचे पाणी आत ओढून. त्या पाण्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली, किंवा पाणीपंपातल्या रबरी पात्या झिजून तुटल्या, की काही मिनिटांत पिस्टन फुगून लायनरला धरतो. मागच्या पाइपातून पाणी पडते आहे का, हे पाहण्याची सवय त्यासाठीच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतण्याचा मोह अनावर असतो, आणि हेड तडकवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. त्याला आपल्या वेळेने निवू द्यावे. मग तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले. पातळी वाढलेली आणि वास डिझेलचा आला तर डिझेल झिरपून तेल पातळ झाले. आणि पातळी कमी असेल तर बोलायलाच नको.

तेलाच्या कमी पातळीची गोष्ट लहान होडीपुरती मर्यादित समजण्याचे कारण नाही. ‘व्हायकिंग स्काय’ हे नवे, भव्य प्रवासी जहाज २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले असता त्याची वीजनिर्मिती करणारी डिझेल इंजिने एकामागून एक बंद झाली आणि १,३७३ माणसांनिशी ते खडकांकडे वाहू लागले. शेकडो उतारूंना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. चौकशीत निघाले ते असे की तेलाच्या टाक्यांतील पातळी कारखान्याच्या शिफारशीहून बरीच खाली ठेवलेली होती. शांत पाण्यात ती पुरत होती. लाटांत जहाज कलंडताच तेल एका बाजूला धावले, पंपाच्या तोंडाशी हवा आली, दाब पडला, आणि संरक्षक यंत्रणेने, जिला इंजिन वाचवण्याचा हुकूम होता, जहाज वाचवण्याचा नव्हे, इंजिने बंद केली. टाकीतल्या गाळाविषयी जे वर लिहिले, त्याचेच हे तेलातले रूप आहे.

या संरक्षक यंत्रणेमुळेच आधुनिक इंजिनात आणखी एक कैफियत उद्‌भवली: हिसका नाही, धूर नाही, गतीची चढउतार नाही, चालते इंजिन दिवा विझावा तसे विझले. जुन्या इंजिनात असे सहसा होत नाही. नव्यात डिझेलची वाट उघडी ठेवणारा विजेचा झडपखटका असतो. त्याला वीज मिळते तोवर डिझेल मिळते, आणि खारट ओलीने हिरवट गंजलेले एक टर्मिनल सैल झाले की इंजिनाला काही झालेले नसताना ते थांबते. ठिणगीच्या दुखण्यापासून डिझेलने या यंत्राला मुक्त केले होते, आम्ही ते मागल्या दाराने परत आणले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तेलाचा दाब गेल्यावर स्वतः थांबणाऱ्या यंत्रणेने वाचवलेली इंजिनेही असंख्य आहेत, हे मान्य करणे भाग आहे. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ‘डाली’ हे मालवाहू जहाज, ज्यावरचे बहुतेक सर्व खलाशी भारतीय होते, अंधारात बुडून फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्यू पावले. तेथील अधिकृत चौकशीने पहिल्या अंधाराचे मूळ एका तारेत शोधले, जिच्यावरचे नावाचे लेबल किंचित सरकल्याने ती आपल्या खाचेत पूर्ण बसली नव्हती. वीज परत आली, पण लगोलग पुन्हा गेली. आणि दुसऱ्यांदा गेली त्याचे कारण वाचताना विहिरीवरच्या माणसालाही ओळखीचे वाटावे. जनित्रांना डिझेल पुरवण्यासाठी जो पंप वापरात होता, तो मूळचा त्या कामाचा नव्हता आणि वीज गेल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता. जनित्रे उपाशी पडली.

धुराची साक्ष उरली, ती थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर लोक अवाजवी विसंबतात. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी: भार अतोनात झाला आहे, किंवा हवेचा फिल्टर बुजला आहे, किंवा इंजिनाची पेटी पावसाच्या भयाने इतकी बंद केली आहे की आत हवाच नाही, पेटीचे झाकण उघडताच धूर निवळला तर निकाल लागला. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा डिझेलात आलेले पाणी. निळा म्हणजे तेल जळते आहे, आणि तो जुनाट दुखण्याचा साक्षीदार आहे, आजच्या घटनेचा नव्हे.

यापुढे एक शेवटची गोष्ट, जी बहुसंख्य दुरुस्त्यांत राहून जाते. हवा काढली, इंजिन धडाडले, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हवा कोणत्या सांध्यातून आली होती हे कुणी पाहिले नाही. इंजिन सुरू होणे हा पुरावा नव्हे. म्हणून होडी पुन्हा उतारू घेण्यापूर्वी तिला धक्क्याच्या किंवा घाटाच्या भक्कम खुंटाला मागच्या बाजूने जाड दोराने बांधावे, गिअर पुढे टाकावा, तीन चतुर्थांश जोर द्यावा आणि तासभर तशीच ओढत ठेवावी. मधूनमधून दोघा-तिघांनी काठाकाठाने उभे राहून तिला दोन्ही अंगांना डुलवावे, म्हणजे टाकीचा तळ ढवळेल. त्या तासात एकाने पारदर्शक नळीतले बुडबुडे पाहावेत, दुसऱ्याने फिल्टरच्या काचेच्या वाटीत तळाशी पाण्याचा थेंब जमतो का ते, आणि तिसऱ्याने मागच्या पाइपातले पाणी. नंतर वाटीतला गाळ एका बाटलीत काढून, तारीख आणि इंजिनाचे तास लिहून ठेवावे. पुढच्या खेपेला इंजिन थांबले तर मागच्या बाटलीशी ताडून पाहायला मुद्देमाल हाताशी असतो.